शहरातल्या तयार जागा: पार्टी तिसऱ्यांदा दार ठोठावते तेव्हा

कंदील (धागाकर्ता)

आमची डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स) या कथाखेळातली पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांचा गट, सात महिने जंगलं, गुहा आणि पडके किल्ले तुडवून एकदाची मोठ्या शहरात पोचली. डीएम (डन्जन मास्टर, खेळ चालवणारा) म्हणून मला वाटलं, चला, आता जरा उसंत मिळेल. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या तयार जागांचा मजकूर भरपूर हाताशी होता. सराई, लोहारशाळा, देऊळ, चोरांचा अड्डा, सगळ्यांचे नकाशे आणि सगळ्यांच्या मालकांची लांबलचक वर्णनं. पहिल्याच सेशनला (खेळाच्या बैठकीला) मी सराईचं वर्णन वाचायला घेतलं. अर्धं पान होईपर्यंत रोग (चोरटं पात्र) खेळणारा मित्र डाइसचा (फाशांचा) मनोरा रचायला लागला होता. मालकाच्या आजोबांनी ती इमारत कुणाकडून घेतली, दारावरच्या पाटीचा रंग कोणता, तळघरात पिंपं किती, सगळं त्या मजकुरात होतं. मग क्लेरिकने (पुजारी पात्राने) साधा प्रश्न विचारला, "या माणसाला आमच्याकडून काही हवंय का?" चार पानं उलटीसुलटी केली, पण उत्तर काही सापडलं नाही.

त्या रात्री घरी येऊन मी सगळ्या तयार जागा पुन्हा वाचल्या आणि लक्षात आलं की मी त्या डन्जनच्या (राक्षसांनी भरलेल्या भुयाराच्या) खोल्यांसारख्या निवडल्या होत्या. डन्जनची खोली पार्टी एकदा पार करते. राक्षस मेला, पेटी उघडली, पुढे चला. शहरातली जागा तशी नसते. लोहाराकडे पार्टी तलवार द्यायला जाते, आठवड्याने घ्यायला जाते आणि महिन्याने त्याच लोहाराला विचारते की हा खंजीर कुणी घडवला असेल. म्हणजे शहरातल्या जागेचं खरं काम पहिल्या भेटीत सुरूच होत नाही.

म्हणून मी आता प्रत्येक तयार जागेला एकच प्रश्न विचारतो: पार्टी इथे तिसऱ्यांदा आली तर काय होईल? मजकुरातून उत्तर निघालं तर ती जागा ठेवतो. नाही निघालं तर नकाशा कितीही देखणा असो, बाजूला सारतो.

हा प्रश्न काही नवा नाही. डी अँड डी १९७४ साली आला आणि दोनच वर्षांनी, १९७६ मध्ये, जजेस गिल्ड या प्रकाशनाने 'सिटी स्टेट ऑफ द इन्व्हिन्सिबल ओव्हरलॉर्ड' हे अख्खं शहर छापून दिलं. त्यात रस्त्यामागून रस्ता दुकानं आहेत, दुकानदारांचे क्लास (पात्राचा प्रकार), लेव्हल (पातळी) आणि आकडे आहेत, आणि मधूनच एखादी ओळभर अफवा. वाचताना माझा जीव नेहमी त्या अफवांपाशी अडकतो. आकडे विसरतात, अफवा लक्षात राहते. पुढे १९८२ मध्ये फ्लाइंग बफेलो या प्रकाशनाने सिटीबुक ही पुस्तकमालिका सुरू केली. कुठल्याही एका गेमच्या नियमांना न बांधलेल्या, उचलून आपल्या शहरात ठेवता येतील अशा जागा. एकेक धंदा घ्यायचा, तिथली माणसं सांगायची आणि शेवटी तिथून कोणती साहसं निघू शकतात ते सुचवायचं. माणसं आधी आणि साहसं शेवटी, हा क्रम मला आजही सगळ्यात कामाचा वाटतो.

तर विचारणा अशी: तुमच्या टेबलावर कोणती तयार जागा तिसऱ्या फेरीपर्यंत टिकली? आणि का टिकली? नुसती नावं नकोत, तिथे काय घडलं ते लिहा.


घुबड

फार चांगला विषय. माझ्या अनुभवात जागा टिकण्याचं सगळ्यात सोपं कारण म्हणजे ती पार्टीच्या मालकीची होणं. २०१८ च्या 'वॉटरडीप: ड्रॅगन हाइस्ट' या तयार साहसाच्या पुस्तकात पार्टीला एक बंद पडलेली खानावळवजा हवेली मिळते, ट्रोलस्कल मॅनर. आत जुन्या मालकाचं भूत आहे. आमच्या पार्टीने मूळ कथानक जवळपास वाऱ्यावर सोडलं आणि तीन सेशन त्या भुताची मर्जी सांभाळण्यात घालवली. कोणत्या खुर्च्या त्याला चालतात, पेले कसे मांडायचे. डीएमने त्यांना अडवलं नाही, म्हणूनच पुढे त्या गल्लीतला प्रत्येक शेजारी आपोआप महत्त्वाचा झाला. शेजाऱ्याशी भांडण झालं की तो उद्याही शेजारीच असतो.

दुसरं कारण म्हणजे जागा बदलणं. फ्लॉरेन्सच्या जुन्या पुलावर एकेकाळी खाटकांची दुकानं होती. सोळाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या राजवटीने त्यांना हलवलं आणि सोनारांना बसवलं. हे मी जसंच्या तसं वापरलं. पार्टी मोहिमेवरून परतली तर पुलावर रक्ताचा वास नाही, सगळीकडे चकचकीत पेढ्या. त्यांचा जुना खबऱ्या खाटीक गेला कुठे? एकही नवा नकाशा न काढता मला दोन सेशनचं काम मिळालं. तिसऱ्या भेटीसाठी जागा तीच ठेवून आतला धंदा बदलून बघा.


पायवाट

कंदील, तुमचा मुद्दा पटतो, पण नकाशावर अन्याय होतोय असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

माणसाला काय हवंय ते मी जागच्या जागी बनवू शकते. मागचं दार कुठे उघडतं ते जागच्या जागी बनवलं की घोळ होतो. पहिल्या भेटीत मी सांगितलं की मोरीच्या बाजूने बाहेर पडता येतं, तिसऱ्या भेटीत विसरले आणि तिथे भिंत सांगितली. खेळाडू तेवढंच नेमकं लक्षात ठेवतात, कारण त्यांचा जीव त्या दारावर अवलंबून असतो. ज्या जागेला दोन दारं, एक गच्ची आणि एक लपायची जागा आहे तीच पाठलागाला उपयोगी. एकच दार असलेली खोली म्हणजे डन्जनच.

जुना लंडन ब्रिज बघा. १२०९ मध्ये पूर्ण झालेला दगडी पूल. वर दोन्ही बाजूंनी घरं आणि दुकानं, मध्ये अरुंद रस्ता, एका भागात उचलता येणारा पूल. खाली एकोणीस खांब इतके जाड की पाणी मधल्या फटींतून धबधब्यासारखं सुटायचं आणि त्यातून नाव काढणं जिवावरचं काम होतं. ही घरं अठराव्या शतकापर्यंत टिकली. आता यात माणूस कोण आहे ते मी सांगितलंच नाही, तरी तुमच्या डोक्यात पाठलाग सुरू झाला असेल. खिडकीतून उडी मारली तर खाली नुसतं पाणी नाही, फट आहे, आणि भरती-ओहोटी बघून उडी मारावी लागेल. हे सगळं जागेच्या आकारातून आलं.

वाटाबूच्या मेडिवल फॅन्टसी सिटी जनरेटरसारखं फुकट साधन ब्राउझरमध्ये क्षणात अख्ख्या शहराचा आराखडा काढून देतं. तटबंदी, वेशी, चौक, वस्त्या. पण ते आतली दारं देत नाही. तयार जागांकडून मला नेमकी तीच भूक भागवून हवी असते.


कंदील (धागाकर्ता)

पायवाट, पुलाचं उदाहरण वाचून मी माझं म्हणणं थोडं दुरुस्त करतो. नकाशा नको असं नाही. नकाशात जी गोष्ट माणसाला काहीतरी करायला भाग पाडते ती हवी. तुमच्या पुलातली फट तशी आहे. माझ्या त्या सराईच्या नकाशात अठरा खोल्या होत्या आणि एकाही खोलीमुळे कुणाचं काही अडत नव्हतं.

घुबड, सोनारांची कल्पना सरळ उचलतोय.


निळीशाई

थोडं वेगळं, जागा आपल्या शहरात बसवण्याबद्दल. बरेच जण इथेच अडतात. जागा आवडते, पण ती दुसऱ्याच कुणाच्या देवतेला, राजाला आणि इतिहासाला बांधलेली असते.

लांकमार या कथांमधल्या काल्पनिक शहरावर १९८५ साली टीएसआरने (डी अँड डीच्या तेव्हाच्या प्रकाशकांनी) जो संच काढला त्यात एक सुंदर युक्ती होती. शहराच्या मोठ्या नकाशात काही भाग मुद्दाम कोरे सोडलेले होते आणि त्यात बसवायला गल्ल्यांचे वेगळे तुकडे दिले होते. डीएमने आपापल्या गरजेने ते भरायचे. शहर लिहिणाऱ्यानेच वापरणाऱ्यासाठी जागा राखली. मी आता प्रत्येक शहरात असं करते. नकाशावर चार-पाच ठिकाणी काहीच लिहीत नाही. आवडलेली तयार जागा आली की तिथे बसते आणि खेळाडूंना वाटतं की ती पहिल्यापासून तिथेच होती.

बसवताना मी जागेतली तीन नाती बदलते आणि बाकी हात लावत नाही. मालक कुणाला घाबरतो, कुणाचं देणं लागतो आणि कुणाला लपवतो. ही तीन नावं माझ्या शहरातल्या ओळखीच्या माणसांची टाकली की जागा रुजते. मूळ मजकुरात चेटक्यांचा संघ असेल तर माझ्याकडे तो पाणीपुरवठा सांभाळणारा संघ होतो. तीन ओळी एका कार्डावर लिहायच्या, ते कार्ड डीएमच्या पडद्याआड ठेवायचं. सेशन चालू असताना पुस्तक उघडायचं नाही, असा मी स्वतःला नियमच घातलाय. पुस्तक उघडलं की मान खाली जाते आणि समोरचे चेहरे दिसेनासे होतात.

मोठ्या पुस्तकांतही हे सांभाळता येतं. माँटी कुकचं 'टॉलस' (२००६) हे एका शहरावरचं पुस्तक साडेसहाशेच्या वर पानांचं आहे, पण समासात जागोजागी 'यासाठी अमुक पान बघा' असे निर्देश आहेत. त्यामुळे एवढा मोठा ग्रंथ असूनही हरवायला होत नाही. त्यातलं शहर मी कधी पूर्ण चालवलं नाही. समासातले निर्देश मात्र माझ्या वहीत कायमचे आले.


पहिलीपायरी

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं. मी पहिल्यांदाच डीएम होणार आहे. आमची पार्टी चार जणांची. सुरुवात शहरातच करायची ठरलंय. किती जागा तयार ठेवू? मी आत्तापर्यंत बावीस जागांची यादी केली आहे आणि तरीही काहीतरी सुटतंय असं वाटतं.


घुबड

पहिलीपायरी, स्वागत! बावीस खूप झाल्या. पाच पुरेत: पार्टी झोपते ती, बातमी मिळते ती, लूट विकली जाते ती, जिथे त्यांना मान खाली घालावी लागते ती आणि जिथे जायला त्यांना बंदी आहे ती. शेवटच्या दोन जागा नवे डीएम विसरतात, आणि शहराला ताण त्यांच्यामुळेच येतो.

उरलेल्या सतरा जागांसाठी वस्तीची ओळख ठेवा. 'ब्लेड्स इन द डार्क' (२०१७) या दुसऱ्या गेममधलं डॉस्कव्होल शहर यासाठी जरूर बघा. प्रत्येक वस्तीला चारच मापं आहेत: श्रीमंती, बंदोबस्त, गुन्हेगारांचा वचक आणि अमानवी गोष्टींचा वावर. खेळाडूने अचानक "इथे एखादा शिंपी असेल ना?" असं विचारलं की वस्तीची मापं बघून शिंपी तिथल्या तिथे उभा करता येतो. बंदोबस्त कमी आणि वचक जास्त असेल तर शिंप्याच्या दारात कुणीतरी हप्ता मागायला उभा आहे. संपली तयारी.


रात्रपाळी

+१ घुबड. एक भर घालतो: वेळ. तयार जागांच्या वर्णनात बहुतेक वेळा कायम दुपार असते. दुकान उघडं, मालक गल्ल्यावर, गिऱ्हाईक दोन-चार. शहराच्या वेशी सूर्यास्ताला बंद होत, रात्री घंटा झाली की विस्तव झाकायचा आणि विनाकारण रस्त्यावर फिरायचं नाही, असे नियम मध्ययुगीन युरोपातल्या कित्येक शहरांत होते. ही एक गोष्ट आणली की प्रत्येक जागेच्या दोन जागा होतात. पाव भाजणारा भट्टीवाला रात्रीच कामाला लागतो, म्हणजे घंटेनंतर दिवा दिसतो तो त्याच्याकडेच. १६६६ ची लंडनची मोठी आग एका बेकरीतून, मध्यरात्रीनंतर सुरू झाली हेही ध्यानात ठेवा. माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त टिकलेली जागा भट्टीच आहे. रात्री अडकलेली पार्टी तिथेच येते आणि भट्टीवाल्याला त्या तासाला कुणाशीतरी बोलायचं असतं.


मोडकीढाल

धागा दोन दिवस वाचतोय. नुसतं वाचून जाणं बरोबर नाही, म्हणून माझी एक जागा इथे ठेवतो. कुणालाही वापरायला मोकळी आहे. नावं मुद्दाम दिलेली नाहीत, आपापली घाला.

काटाघर

बाजारचौकातली दगडी इमारत. शहरात विकायला येणारा जड माल इथे तोलल्याशिवाय पुढे जात नाही. आत शिरलं की छताच्या तुळईला टांगलेला माणसाच्या दुप्पट लांबीच्या दांडीचा तराजू. दोन्ही पारडी लाकडी फळ्यांची, चार-चार साखळ्यांवर. वजनं डाव्या पारड्यात, माल उजव्यात. हमालांच्या ओरडण्यात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, पण मापाडीणबाईंनी हात वर केला की सगळे गप्प होतात. दांडी स्थिर होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. मग त्या आकडा म्हणतात, कारकून वहीत लिहितो, तोलाई घेतली जाते. वरच्या मजल्यावर जुन्या वह्या. गेल्या साठ वर्षांत शहरात काय आलं, कुणी आणलं, किती आणलं, सगळं तिथे आहे.

दारं दोन. एक चौकाकडे, एक मागे गोदामाच्या गल्लीत. छतात तराजूची दांडी दुरुस्त करायला एक झडप आहे, तिथून वह्यांच्या खोलीत उतरता येतं. (पायवाट, हे तुमच्यासाठी.)

आता आतली गोष्ट. डाव्या पारड्याच्या साखळीला खाली एक ओलं गोणपाट गुंडाळलेलं असतं. विचारलं तर बाई सांगतात, "गंज धरू नये म्हणून." ओल्या गोणपाटाने गंज थांबत नाही, उलट लागतो. खेळाडूंपैकी कुणीतरी हे बोलून दाखवेपर्यंत मी वाट बघतो, रोल (फासा टाकायला) मागत नाही.

खरं असं आहे की सगळ्यात मोठं प्रमाण वजन आतून पोकळ आहे. आधीच्या मापाड्याने ते पोखरून आत काहीतरी लपवलं आणि तोंड शिशाने बंद केलं. तो मेला. वजन आता दोन शेर हलकं भरतं, म्हणजे त्याच्यावर तोललेला प्रत्येक माल दोन शेर जड निघतो आणि प्रत्येक व्यापारी जास्त तोलाई भरतो. बाईंना हे गेल्या हिवाळ्यात कळलं. सांगावं तर त्यांच्याच गळ्याशी येणार, कारण शिक्का त्यांचा आहे. म्हणून रोज पहाटे त्या गोणपाट भिजवून डाव्या साखळीला बांधतात. तोच त्यांचा पासंग. पहाटे काटा बरोबर. ऊन चढेल तसं गोणपाट सुकतं आणि संध्याकाळपर्यंत काटा पुन्हा खोटा बोलायला लागतो. दोन-तीन जुन्या व्यापाऱ्यांना कारण माहीत नाही, पण सकाळी तोललेलं परवडतं एवढं त्यांना कळलंय. म्हणून पहाटेची रांग लांब असते. पार्टीला ही रांग पहिल्याच भेटीत दाखवा, कारण सांगू नका.

पहिली भेट बहुतेक लूट तोलायला होते. दुसरी वह्या बघायला, कारण शहरातल्या कुठल्याही तपासात "हा माल कुणी आणला?" हा प्रश्न येतोच. तिसऱ्या भेटीसाठी मी खऱ्या जगातली एक गोष्ट घेतली. नेदरलंड्समधल्या औडवाटर गावात वजनघर आहे. चेटूक केल्याचा आरोप असलेली माणसं तिथे स्वतःला तोलून घ्यायला यायची. चेटकीण हलकी असते असा समज होता. वजन अंगकाठीला साजेसं भरलं की तसा दाखला मिळायचा आणि त्या दाखल्याने जीव वाचायचा. माझ्या काटाघरातही असा दाखला मिळतो.

पोकळ वजनात काय आहे ते मी ठरवलेलं नाही. तुमच्या कॅम्पेनमध्ये (चालू कथेत) जे हरवलंय ते तिथे आहे.


निळीशाई

वाखु (वाचनखूण) साठवली. आणि मनापासून धन्यवाद. बाई कुणाला घाबरतात, कुणाचं देणं लागतात, कुणाला लपवतात, तिन्हीची उत्तरं त्या एका गोणपाटात आहेत. माझ्या शहरात वजनाच्या आत जुन्या राजाच्या मृत्युपत्राचं पान असेल.


रात्रपाळी

पहाटे खरा आणि संध्याकाळी खोटा काटा! मी वेळेबद्दल लिहिलं होतं, पण जागेचं यंत्रच वेळेवर चालवता येईल हे सुचलं नव्हतं. एक शंका: पावसाळी दिवशी गोणपाट सुकणारच नाही. मग त्या दिवशी काटा संध्याकाळपर्यंत खरा राहील?


मोडकीढाल

हो, अगदी बरोबर. आणि चौकस पार्टी वह्यांमधून हे शोधू शकते. एकाच व्यापाऱ्याचा तोच ठरलेला माल, पावसाच्या दिवशी हलका आणि उन्हाच्या संध्याकाळी जड. फक्त गेल्या हिवाळ्यापासूनच्या वह्या बघायला हव्यात, कारण त्याआधी गोणपाटच नव्हतं. पासंग कधी सुरू झाला तेही त्यातूनच कळतं.


पायवाट

झडपेबद्दल धन्यवाद, ती मी नक्की वापरणार. पोकळ वजन किती मोठं आहे? एका माणसाने उचलून पळता येईल का? माझ्या पार्टीचा पहिला विचार हाच असणार.


मोडकीढाल

दोघांना उचलतं, एकटा बार्बेरियन (दांडगा योद्धा) उचलून धावू शकतो, पण जिना चढू शकत नाही. आणि वजन गायब झालं की दुसऱ्या दिवशी शहराचा बाजार बंद. पळवलं तर तिसरी भेट फार वेगळी होईल, पण होईल नक्की.


दुसरीबाजू

एक सूचना, आग्रहाने. चेटकिणीच्या आरोपाचा भाग टेबलावर आणण्याआधी खेळाडूंशी सेशन झिरोमध्ये (खेळ सुरू होण्याआधीच्या बैठकीत) बोलून घ्या. जमावाने एका बाईला घेरलंय हे दृश्य काही जणांना खूप जवळचं आणि त्रासाचं असू शकतं. आमच्याकडे एकीने नको म्हटलं, तेव्हा डीएमने आरोप बदलला: माणूस वेषांतर केलेला मायावी जीव आहे का, हे वजनावरून ठरवायचं. जागा तितकीच चांगली चालली.


पहिलीपायरी

बावीसच्या पाच केल्या. लूट विकायची जागा म्हणून काटाघर घेतलं. मान खाली घालायची जागा अजून सापडत नाहीये.


घुबड

पहिलीपायरी, तुमच्या पार्टीतल्या कुणाची आई किंवा गुरू त्याच शहरात राहतात का? तेच घर.


कंदील (धागाकर्ता)

तीन आठवड्यांनी लिहितोय, कारण तिसरी फेरी झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

काटाघर आमच्या शहरात निळीशाईंच्या पद्धतीने बसवलं. नकाशावर चौकाच्या उत्तरेला कोरी जागा होतीच. दुसरीबाजू यांनी सांगितल्याप्रमाणे आधी सगळ्यांशी बोललो, सगळ्यांची तयारी होती.

पहिल्या भेटीत पार्टीने किल्ल्यातून आणलेल्या तांब्याच्या घंटा तोलल्या. वर्णन मी चार वाक्यांत संपवलं आणि बाईंचा हात वर केला. टेबलावर खरोखर शांतता झाली. डाइसचा मनोरा रचणारा मित्र पुढे वाकून बघत होता. ओल्या गोणपाटावर बोट ठेवलं ते ड्वार्फ (बुटक्या जमातीचं पात्र) खेळणाऱ्या मैत्रिणीने. तिचं पात्र खाणीत वाढलेलं, लोखंड आणि पाणी यांची तिला चीड. ती बाईंना म्हणाली, "ही साखळी वर्षभरात तुटेल." बाई काही बोलल्या नाहीत, फक्त कारकुनाला बाहेर पाठवलं. तेवढ्यावरून सगळ्यांना कळलं की काहीतरी आहे.

दुसऱ्या भेटीत ते झडपेतून उतरले. वह्या चाळल्या, पावसाचे दिवस पकडले. रात्रपाळी, तुमच्या शंकेमुळे मी ते आधीच तयार ठेवलं होतं. वजन पोकळ आहे हे त्यांना कळलं. ड्वार्फचं म्हणणं, बाईंना सांगून आजच्या आज नवं वजन ओतू. क्लेरिक म्हणाला, शहराला सांगू. तासभर वाद चालला, मी एक अक्षर बोललो नाही.

आणि तिसरी भेट. सीमेजवळच्या वस्तीतल्या ज्या जडीबुटीवाल्या म्हातारीने रोगचा पाय वाचवला होता, तिलाच लोक चेटकीण म्हणून धरून घेऊन आले. तोल दुसऱ्या दिवशी पहाटे ठरला. म्हातारी काटक, अंगावर मांस नाही. खऱ्या काट्यावर ती हलकी भरेल हे सगळ्यांना दिसत होतं. ज्या ड्वार्फने आदल्या सेशनला "खोटा काटा एक दिवसही चालू देणार नाही" म्हटलं होतं, ती बराच वेळ कॅरेक्टर शीटकडे (पात्राच्या माहितीच्या कागदाकडे) बघत बसली. मग म्हणाली, "तोल संध्याकाळी झाला पाहिजे."

सगळा दिवस त्यांनी उशीर करण्यात घालवला. रोगने हमालांमध्ये भांडण लावलं. क्लेरिकने तोलाआधी प्रार्थना हवी असा हट्ट धरला आणि ती दुपारपर्यंत लांबवली. बार्डने (गायक पात्राने) चौकात गर्दी जमवली. ड्वार्फ मात्र काटाघरातच बसून राहिली, गोणपाटाकडे बघत. दर थोड्या वेळाने ती मला विचारायची, "सुकलं का?" मी म्हणायचो, कडा सुकल्यात. अजून मधला भाग ओला आहे. सूर्य मावळायच्या जरा आधी म्हातारी उजव्या पारड्यात बसली. मापाडीणबाईंनी साखळीकडे पाहिलं, मग ड्वार्फकडे पाहिलं आणि हात वर केला.

दोन शेर जास्त भरली. दाखला मिळाला.

वजनाच्या आत काय आहे ते अजून कुणी उघडून बघितलेलं नाही. पण पहाटेच्या रांगेतल्या व्यापाऱ्यांनी आता काट्याची तपासणी मागितली आहे, आणि ती झाली तर त्या संध्याकाळचे सगळे तोल रद्द होतील, म्हातारीच्या दाखल्यासकट. पुढचं सेशन रविवारी. मोडकीढाल, तुमच्या टेबलावर तपासणीला कोण आलं होतं? संघाचा माणूस की देवळाचा?